येऊ दे की

'बटू' हा सिनेमा ज्यांनी पाहिला नाही, त्यांनीही बटूचं ते एक वाक्य ऐकलेलं असणारच. बटू म्हणजे कार्टूनमधला यंत्रमानव: पाण्याच्या टाकीसारखं पोट, डोळ्यांच्या जागी दोन हिरवे दिवे, आणि बॅटरी उतरायला लागली की बोलता बोलता अडकायची खोड. "बॅ-बॅ-बॅटरी सं-संपली," एवढं तो म्हणाला की थिएटरातली पोरं हसून हसून खुर्चीतून खाली घसरायची. पुढे वर्षभर हे वाक्य दप्तरांवर होतं, वाढदिवसाच्या केकवर होतं, रिक्षांच्या पाठीवर होतं. हा आवाज कोल्हापूरच्या सुहास चौगुलेचा आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं.

सुहास डबिंगचा माणूस. आवाज बनवणारी यंत्रं आली तेव्हा त्याच्या धंद्यातले निम्मेअधिक लोक घरी बसले. सरळ, गुळगुळीत बोलणं यंत्राला झकास जमायचं. पण बटूचं अडखळणं काही केल्या जमेना. यंत्र एकाच मापात अडायचं, तीनदा अडून चौथ्यांदा सुटायचं, आणि ऐकणाऱ्याला लगेच कळायचं की यात जीव नाही. माणूस अडतो तेव्हा त्याचा श्वास अडतो, मान ताठते, कधी शब्द सुटतो, कधी सुटतच नाही. हे सुहासला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याने रेकॉर्डिंगच्या वेळी कानामागचा 'सोबती' काढून खिशात ठेवला आणि तोंड उघडलं. काचेपलीकडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लहानपणी ज्यासाठी त्याने छड्या खाल्ल्या होत्या, त्याच गोष्टीसाठी मिळालेल्या या टाळ्या त्याला गोडही लागल्या आणि आत कुठेतरी बोचल्याही.

या सोबतीत जादू काही नव्हती. अडखळत बोलणारा माणूस एकटा बोलताना अडतो, पण दुसऱ्याबरोबर एका सुरात बोलताना सहसा अडत नाही, हे जाणकारांना फार पूर्वीपासून माहीत आहे. आरतीत तो अडत नाही, प्रार्थनेत अडत नाही, वर्गात सगळ्यांबरोबर पाढे म्हणताना अडत नाही. शब्द त्याला येत असतो, जीभ-ओठ धडधाकट असतात. मेंदूतून शब्द सुटण्याची वेळ तेवढी चुकते, आणि बाहेरचा आवाज सोबतीला असला की ती सावरते, असा अंदाज आहे. आधीची यंत्रं माणसाचाच आवाज किंचित उशिरा त्याच्या कानात सोडायची. थोडे दिवस गुण यायचा, मग कानाला त्याची सवय व्हायची आणि गाडी पुन्हा अडायची.

सोबती बनवणाऱ्यांनी याच्या उलट केलं. कॉलरखाली गळ्याला चिकटवायची नखाएवढी पट्टी आवाज फुटायच्या आधीच स्नायूंची हालचाल टिपायची. माणूस कुठला शब्द काढू पाहतोय हे त्यावरून ताडून सोबती तोच शब्द, त्याच माणसाच्या आवाजात, त्याच्या कानात म्हणायला लागायचा. थोडक्यात, माणूस दिवसभर स्वतःच्याच जोडीने पाढे म्हणत राहायचा.

सुहासने तो नऊ वर्षांपूर्वी लावला. त्याआधी तो याच स्टुडिओत ध्वनिसंकलन करायचा. ते काम त्याने मुद्दाम निवडलं होतं, कारण त्यात बोलावं लागत नाही. पहिल्या दिवशी दारावरच्या माणसाने नाव विचारलं. आजोबांनी मोठ्या हौसेने ठेवलेलं नाव होतं दिग्विजय. तो 'दि'वर इतका वेळ उभा राहिला की दारावरच्या माणसाने घाबरून पाण्याचा ग्लास पुढे केला. पाणी पिऊन तो म्हणाला, "सुहास." स सुटायला सोपा होता, एवढंच. सोबती आला तोवर तो सगळ्यांचा सुहास होऊन बसला होता. लग्नपत्रिकेवर 'दिग्विजय ऊर्फ सुहास' छापलं, तेव्हा मृण्मयीला वाटलं, हे घरातलं लाडाचं नाव असेल.

आपण 'थोडं' अडखळतो हे त्याने लग्नाआधी तिला सांगितलं होतं. ते थोडं म्हणजे किती, हे मात्र तिने कधी ऐकलं नव्हतं. झोपताना सोबती डबीत गेला की तो 'हं' आणि 'अंहं' यावरच भागवायचा. माणूस पेंगुळला की तुटक बोलतो, असा तिचा समज. बटूचा आवाज ऐकून तीही बाकीच्यांसारखी पोट धरून हसली होती आणि म्हणाली होती, काय अभिनय केलायस रे.

मुलगी झाली तेव्हा नाव ठेवायचा हट्ट त्याने धरला. मृण्मयीच्या मनात केतकी होतं. त्याला क नको होता, ग नको होता, द तर नकोच होता. सोबती नसतानाही मुलीला हाक मारता यावी म्हणून त्याने दोन अक्षरांचं, सरळ तोंड उघडलं की बाहेर पडणारं नाव शोधलं. आभा.

आभा चार वर्षांची असताना मधूनच अडायला लागली. लहान आहे, जाईल, असं सगळेच म्हणत, आणि सुहास सर्वांत मोठ्याने म्हणे. ती दुसरीत गेली, नवी शाळा सुरू झाली, आणि दीड महिन्याने वर्गशिक्षिका नाईक बाईंनी त्याला बोलावून घेतलं.

बाईंसमोर एक कोडं होतं. हजेरी दारावरचं यंत्रच घेई, त्यामुळे नावं पुकारायची वेळ कधी आली नव्हती. पालकसभेसाठी प्रगतीची पानं लिहायला बसल्या, तर आभा चौगुले नावाची मुलगी त्यांना वर्गात कुठे आठवेना, आणि वर्गातल्या सईचं पान कुठे सापडेना. मग उलगडा झाला. पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं तेव्हा मुलगी 'आ' करून उभी राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "बॅ-बॅ-बॅटरी संपली." वर्ग हसला. त्यावर ती चटकन म्हणाली, "सई."

"मी दीड महिना तिला सईच म्हणतेय हो," नाईक बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "आता तर ती काहीच बोलत नाही. फक्त पाढे सुरू झाले की तिचा आवाज सगळ्यांत वर असतो."

सुहासने काय सांगायचं होतं? की त्या पोरांच्या तोंडी मीच हे वाक्य घातलं? की नाव बदलायची ही युक्ती आमच्या घराण्यातली आहे? त्याने बाईंना नमस्कार केला आणि मुलीला घेऊन बाहेर पडला. स्कूटरवर ती त्याच्या पाठीला डोकं टेकून बसली होती. त्याने सहज विचारल्यासारखं करून विचारलं, तेव्हा कळलं की बटू म्हणजे आपले पप्पा, हे तिने वर्गात कुणालाच सांगितलेलं नाही.

मृण्मयी शेतकी प्रयोगशाळेत माती तपासायची. दोष दिसला की उपाय शोधायचा, हा तिचा खाक्या. तिने त्याच दिवशी लहान मुलांच्या सोबतीची चौकशी केली आणि पुढच्या सोमवारची वेळ घेतली. नजर कमी झाली तर आपण चष्मा लावतोच ना, मग याला काय हरकत आहे, असं तिचं म्हणणं. वाणीउपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंनी फोनवर समजावलं की सोबतीने अपाय काही नाही, मुलगी सफाईने बोलेल. फक्त या वयात लावला की जीभ त्याच्यावरच भिस्त ठेवते, तो काढून बोलायची हिंमत मग सहसा होत नाही. लावा किंवा थांबा, दोन्ही बरोबर, असं म्हणून त्यांनी शेवटी विचारलं होतं, तिला विचारलंत का? ते विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात 'बटू परत आला'चा शेवट डब व्हायचा होता.

शेवट असा होता. गावातली शास्त्रज्ञ आजी बटूच्या डोक्यात नवी चिप बसवते. बटू डोळे मिचकावतो. त्याची मैत्रीण पिंकी विचारते, तुझं नाव काय? बटू एका दमात म्हणतो, "माझं नाव बटू. मी आता अजिबात अडखळत नाही." सारा गाव टाळ्या वाजवतो, आणि पिंकी त्याला मिठी मारून म्हणते, "आता तू आमच्यातला झालास."

सुहास माइकसमोर उभा राहिला. कानामागे सोबती होता, गळ्यावर पट्टी होती, आणि तरी त्याच्या तोंडून शब्द फुटेना. हे अडखळणं नव्हतं. त्याला ते म्हणायचंच नव्हतं.

त्याने आजवर कितीतरी परदेशी विज्ञानपट मराठीत डब केले होते. आता त्याला ते सगळे एका रांगेत दिसायला लागले. चाकाच्या खुर्चीतला सैनिक शेवटी यंत्राच्या पायांवर पळतो. आंधळीला डोळे येतात. पाठीला बाक असलेल्याचं शरीरच बदलून मिळतं. ज्याला काहीच मिळत नाही, तो लोखंडी हाताचा खलनायक होतो आणि दरीत पडतो. लोक प्रेम करतात ते दुरुस्त झाल्यावर. इतकी वर्षं तो हे बोलत आला होता, आणि एकदाही त्याला घास अडकल्यासारखं झालं नव्हतं.

दिग्दर्शिका हेमांगी दातार पुण्याची. कामाला वाघ, मनाने मऊ. तिने त्याला बाहेर बसवून चहा दिला. तो म्हणाला, हा शेवट बदलायला हवा. बटू शेवटीही अडखळू दे. ती हसली नाही, पण मानही हलवली नाही. मुलांना शेवट गोड लागतो, ती म्हणाली, आणि बरं झालेला बटू त्यांना हवा आहे. मग जरा थांबून, खरं तेही तिने सांगून टाकलं.

"सुहास, पहिल्या सिनेमाला तुझ्यावाचून अडलं होतं. हे वाक्य सरळ आहे. तू नाही म्हणालास तर निर्माते ते यंत्राकडून करून घेतील, तुझ्याच आवाजात. मला त्यांना अडवता येणार नाही."

"मला मंगळवारपर्यंत वेळ द्या," तो म्हणाला. ती हो म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी मृण्मयी भाकरी थापत होती, आणि आभा खाली बसून मटार सोलत होती. सोमवारी तुझ्या कानाला पप्पांसारखं मशीन लावायचं हं, मग तू पटापटा बोलशील, असं आई सांगत होती. आभाने पुढची शेंग उचलली. सुहास तिच्यासमोर मांडी घालून बसला. त्याने कानामागचा सोबती काढला, गळ्याची पट्टी सोडवली आणि दोन्ही मटारच्या सालांशेजारी ठेवून दिलं.

"आ-आ... आभा," तो म्हणाला. ज्या नावाची त्याला इतकी खात्री होती, तेही अडलं. "तु-तुला एक सां-सांगायचंय. मा-माझं नाव..."

मृण्मयीचा हात परातीत थांबला. लग्नाच्या आठ वर्षांत तिने हा आवाज एकदाच ऐकला होता, थिएटरात, आणि ती हसली होती.

"माझं नाव द... द..." त्याची मान ताठली, डोळे मिटले. शब्द दाताशी येऊन बसला आणि हलेना. मृण्मयीला ते बघवेना. ती मदतीला धावलीच. "दिग्वि..."

"आई, थांब," आभा म्हणाली. मग तिने बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिच्या बोटांना मटाराचा ओला वास येत होता. "ये-येऊ दे की, पप्पा. मी हाय इथंच."

कोल्हापुरात हा 'की' कुठेही लागतो. जेव की, बस की, सांग की. त्याने आग्रहही होतो आणि आर्जवही. सुहासने तो जन्मभर ऐकला होता, पण अडलेल्या शब्दासाठी त्याला तो कधी कुणी लावला नव्हता. लोकांनी त्याचे शब्द पुरे करून दिले होते, नजर वळवली होती, पाणी दिलं होतं. थांबलं कुणी नव्हतं.

"दिग्विजय," तो म्हणाला. बराच वेळ लागला होता. आभाने तोवर एकही शेंग सोलली नव्हती.

मग त्याने सगळं सांगितलं, अडत, थांबत, पुन्हा सुरू करत. सुहास हे नाव कुठून आलं ते सांगितलं. बटू हा अभिनय नव्हता, तेही सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली, ती कुणी उलटली नाही. मृण्मयी पदराला हात पुसत शेवटी त्याच्याजवळ येऊन बसली.

"आठ वर्षं सोबती लावूनच?" तिने विचारलं. "माझ्याशी भांडतानासुद्धा?"

"भां-भांडताना तर ल-लागतोच," तो म्हणाला. ती हसली आणि मग रडली. रडता रडता तिने एवढंच म्हटलं की मी बटूला हसले होते रे. त्याने तिचा पिठाचा हात हातात घेतला. तो आज आपल्या घरात पहिल्यांदा मोकळा बसला होता.

सोमवारी ते ठरल्याप्रमाणे गेले. या वेळी त्यांनी आभाला विचारलं. तिने सोबती लावून पाहिला, कानात आपलाच आवाज ऐकून खुदखुदली, आणि लागेल तेव्हा लावीन म्हणाली. तो घरी आला. स्नेहसंमेलनाच्या तालमीला ती तो लावायची, आणि खेळायला जाताना डबीत ठेवून जायची. मृण्मयीला हे अर्धवट वाटलं, तरी तिने डबीला हात लावला नाही. ती थांबायला शिकत होती, आणि तिच्या स्वभावाला ते सोपं नव्हतं.

मंगळवारी सुहास माइकसमोर उभा राहिला आणि सोबती काढून त्याने खिशात टाकला. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक इस्माईल होता. त्याने हेमांगीकडे पाहिलं. हेमांगीने थांबवलं नाही. पिंकीने विचारलं, तुझं नाव काय? बटू 'ब'वर अडला. सुहासने तो ओढूनताणून लांबवला नाही आणि लपवलाही नाही, जितका अडायचा तितका अडू दिला. मग त्याने पिंकीचं नवं वाक्य कागदावर लिहून काचेला लावलं. हेमांगीने ते वाचलं आणि पेन काढून त्यातला 'की' खोडायला निघाली. हा गावाकडचा शब्द बाकीच्यांना कळेल का, तिचा प्रश्न होता.

"'की' राहू दे की," इस्माईल म्हणाला. तो उभ्या जन्मात कुणाच्या कामात बोलला नव्हता. हेमांगीने पेनाला टोपण लावलं आणि सांगितलं की नव्या शेवटाची चित्रंही काढून घेऊ, दोन्ही शेवट तयार ठेवू, मुलांना हा दाखवू, मग निर्माते ठरवतील.

महिन्याभराने एका रविवारी सकाळी शाहूपुरीतल्या छोट्या हॉलमध्ये दीडशे मुलांना सिनेमा दाखवला. नाईक बाईंचा वर्गही आला होता. आभा सुहासच्या शेजारी बसली होती, सोबतीची डबी तिच्या फ्रॉकच्या खिशात होती. हेमांगी पुढच्या रांगेत वही उघडून बसली होती.

शेवट आला. आजीने बटूची बॅटरी तेवढी बदलली. पिंकीने नाव विचारलं. "ब... ब..." करून बटू अडला, आणि सवयीप्रमाणे अख्खा हॉल हसला. सुहासने खुर्चीचा हात घट्ट धरला. मग पडद्यावरची पिंकी जमिनीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "येऊ दे की. मी हाय इथंच." हसू इकडे तिकडे सांडत राहिलं आणि विरलं. बटू अडलेलाच होता. दीडशे पोरं आता त्याच्या तोंडाकडे बघत होती. "बटू," तो म्हणाला, तेव्हा हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही, पण सगळ्यांनी रोखलेला श्वास सोडल्याचं ऐकू आलं. हेमांगी वहीत काही लिहायचं विसरून गेली होती.

दिवे लागले. ती माइक घेऊन मुलांमध्ये आली. कुणाला काय आवडलं, असं विचारत निघाली, आणि एक हात वर दिसला म्हणून तिथे थांबली. तो आभाचा होता. सुहासलाही तो आत्ताच दिसला.

"आधी नाव सांग बाळा," हेमांगी म्हणाली.

"आ..." आभा म्हणाली आणि अडली. तिचा हात खिशाकडे गेला, डबीवर टेकला आणि तिथेच राहिला. माइकमधून तिचा रिकामा श्वास हॉलभर ऐकू येत होता. सुहासच्या ओठांवर ते नाव आलं, आणि त्याने ओठ मिटून घेतले. मागच्या रांगेत कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "ये-ये-येऊ दे की." कुणीतरी खिदळलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. मग दुसऱ्या कुणीतरी तेच पुन्हा म्हटलं, या वेळी न अडखळता, आणि अगदी मनापासून.

"आभा," ती म्हणाली. "आभा चौगुले. आणि ब-बटू माझे पप्पा आहेत. हे बघा. त्यांचं खरं नाव दि... दि... दिग्विजय."

नाईक बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. वर्गातली पोरं खुर्च्यांवर चढून मागे बघायला लागली. बारा वर्षं त्याच्याबरोबर काम केलेली हेमांगी माइक हातात धरून तशीच उभी राहिली.

"सुहास," तिने विचारलं, "हा दिग्विजय कोण?"

त्याने कानामागचा सोबती काढला, आभाच्या हातात दिला आणि उठून उभा राहिला.

"थां-थांबा," तो म्हणाला. "सां... सांगतो."

आणि दीडशे पोरं थांबली.